तळं काचेसारखं, तरी पाणी जातंच : वरूड तालुक्यातल्या एका शेततळ्याचं प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "बाबू, तू केमिस्ट्रीचा मास्तर ना? मंग मले एक सांग. तळं कसं काचासारखं दिसून राह्यलं, वाऱ्यानं लहर उठत नाही. तरी पाणी खाली चाललं. हे काय गौडबंगाल हाय?"

काकांनी तळ्यात तेल ओतलं होतं, हे मला पाच मिनिटांनी कळलं. काकूंना ते आदल्या दिवशीच कळलं होतं, कारण तेल त्यांच्या स्वयंपाकघरातलं होतं. घरच्या जवसाचं, घाण्यावरून काढून आणलेलं, चांगलं दोन लिटर. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की पाण्यावर तेलाचा थर दिला की बाष्पीभवन थांबतं. काकांनी दोन बाटल्या उचलल्या आणि पश्चिमेच्या बांधावर उभं राहून रिकाम्या केल्या.

हसण्यासारखी गोष्ट नव्हती. काकांची संत्र्याची बाग आंबिया बहाराची. जानेवारी-फेब्रुवारीत फूल, आणि मे महिन्यात झाडावर बोरापासून लिंबापर्यंतच्या आकाराची फळं. या दिवसांत ताण बसला की फळगळ सुरू होते आणि वर्षाचं गणित तिथेच मोडतं. वरूड-मोर्शी पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते वेगळं सांगायला नको. काकांकडे वरच्या मापाने ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं आहे. पावसाचं पाणी आणि हिवाळ्यात विहिरीतून उपसलेलं पाणी त्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात ठिबकला द्यायचं. मी पोचलो तेव्हा तळं अर्धं झालं होतं. पाण्याचा पृष्ठभाग साधारण २७ बाय २७, म्हणजे ७२९ चौरस मीटर. पाणी रोज बोटभर उतरत होतं. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७,३०० लिटर गेले. मोठ्या झाडाला काका दिवसाला शंभर लिटर देतात, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे सत्तरेक झाडांचं एका दिवसाचं पाणी.

काकांची धाकटी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आधीच बांधावर पट्टी रोवून वहीत आकडे मांडायला सुरुवात केली होती. पुढचं सगळं त्या वहीच्या जोरावर झालं.

तेलाने नेमकं काय केलं

तळं खरोखर काचेसारखं होतं. पलीकडच्या बाभळीचं प्रतिबिंब न थरथरता पडलेलं. शेजारच्या नाल्यातल्या डबक्यावर मात्र त्याच वाऱ्याने बारीक सुरकुत्या उठत होत्या.

हे दृश्य फार जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅफम इथल्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं झालेलं पाहिलं. त्याचा वृत्तान्त १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. चमचा आजच्या मापाने ५ मिलिलिटर धरला आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर, तर भागाकार येतो २.५ नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले अडीच. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. केला असता तर रेणूच्या लांबीचा अंदाज तेव्हाच हाती आला असता. हा हिशोब करायला मला फार आवडतं आणि वर्गात दरवर्षी करतो. फळा तोच, पण समोर तळं असताना तो वेगळाच लागतो.

काकांचा भागाकार असा : दोन लिटर भागिले ७२९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेतीन मायक्रोमीटर. एका रेणूच्या थराला लागेल त्याच्या हजारपटीहून जास्त. पण एवढं तेल सारखं पसरत नाही. आधी एका रेणूच्या जाडीचा थर सगळीकडे धावतो, सगळं पाणी झाकतं, आणि उरलेलं तेल त्याच थरावर थेंबांच्या चकत्या होऊन तरंगत राहतं. उन्हात तिरप्या नजरेने पाहिलं तर त्या चकत्या दिसत होत्या. पूर्वेच्या काठाशी तेलाची पिवळी, चिकट साय प्लास्टिकला धरली होती. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणूनच हे तेल रंगात घालतात आणि लाकडाला चोळतात. काकांनी आपल्या तळ्याला थोडंसं वॉर्निश केलं होतं म्हणा.

लहर का उठत नाही? लहर उठायला पाण्याची कातडी एके ठिकाणी ताणावी लागते आणि दुसरीकडे आक्रसावी लागते. वर रेणूंचा थर असेल तर ताणलेल्या जागी रेणू विरळ होतात, तिथला पृष्ठताण वाढतो आणि ती जागा आजूबाजूच्या पाण्याला आपल्याकडे खेचते. वाऱ्याने दिलेली ताकद या ओढाताणीतच जिरते. यासाठी थर घट्ट असण्याची गरज नाही. सैल, पातळ, वाकड्यातिकड्या रेणूंचा थरही लहरी मारतो.

पाण्याची वाफ अडवायला मात्र सैल थर चालत नाही. काकांचा घोटाळा इथे होता, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला माझाही. गुळगुळीत पाणी पाहून मीही क्षणभर म्हटलं होतं, "काही तरी वाचत असेल की."

बर्फीचा ट्रे

पाण्यावरचा एका रेणूचा थर दाबून मोजायचं उपकरण असतं, लँगम्यूर ट्रफ. ते महाविद्यालयात नाही. वरूडच्या एका मिठाईवाल्याकडून बर्फीचा स्टीलचा ट्रे आणला, ३० बाय २० सेंटिमीटरचा. त्यात काठोकाठ, किंचित फुगवटा येईल इतकं डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि आडवी एक काचेची पट्टी ठेवली. पट्टी काठावरून सरकवली की पृष्ठभाग पुसला जातो. असं करण्याचं श्रेय जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ॲग्नेस पॉकेल्स यांना जातं. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरचं बघता बघता त्यांनी स्वयंपाकघरात पत्र्याच्या ट्रेवर हे प्रयोग केले आणि १८९१ साली इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहून कळवले. रॅले यांनी ते पत्र 'नेचर'कडे पाठवलं आणि ते छापून आलं. आदल्याच वर्षी रॅले यांनी कापराच्या मदतीने ऑलिव्ह तेलाच्या थराची जाडी मोजली होती, सुमारे १.६ नॅनोमीटर. १९१७ साली अर्विंग लँगम्यूर यांनी याच पद्धतीला थराचा दाब मोजणाऱ्या तराजूची जोड दिली आणि रेणू पाण्यावर उभे राहतात हे दाखवलं. १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं.

कापराची गोष्ट आपल्या घरातली आहे. स्वच्छ पाण्यावर कापराचा बारीक तुकडा टाकला की तो भिंगरीसारखा फिरतो, कारण विरघळताना तो एका बाजूचा पृष्ठताण कमी करतो आणि दुसरी बाजू त्याला ओढते. तेलकट बोट पाण्याला लावा, तुकडा जागच्या जागी थांबतो. देवघरातल्या वड्या चालतीलच असं नाही, कित्येक वड्यांत कापूर सोडून बाकीचंच जास्त असतं. भीमसेनी कापूर घ्यावा. आम्ही तोच घेतला आणि शेवटपर्यंत तोच आमचा मोजमापाचा काटा राहिला.

२८ मिलिग्रॅम स्टिअरिक आम्ल १०० मिलिलिटर हेक्झेनमध्ये विरघळवलं. स्टिअरिक आम्ल म्हणजे मेणबत्तीच्या मालात येतो तो पांढरा, खवल्यांसारखा पदार्थ. सरळ १८ कार्बनांची साखळी आणि एका टोकाला पाण्याची ओढ असलेलं आम्लाचं डोकं. घट्ट उभं राहिल्यावर प्रत्येक रेणू पाण्यावर सुमारे ०.२० चौरस नॅनोमीटर जागा घेतो. त्या हिशोबाने आमच्या ट्रेला या द्रावणाचा अर्धा मिलिलिटर पुरायला हवा. धाकटीने सिरिंजने थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. हेक्झेन उडून जातं, आम्ल मागे राहतं. वर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरली.

पाव मिलिलिटरपर्यंत फुंकर मारली की पावडर कुठेही भरकटायची, मध्येच थव्यासारखी एकत्र यायची, पुन्हा फुटायची. ०.४ झाल्यावर ती सुस्तावली. ०.४७ वर धाकटीने फुंकर मारली आणि पावडर हललीच नाही. सगळा पृष्ठभाग एकच ताट असल्यासारखा, फुंकरीने पाणी खाली दबलं पण पावडरचा एकही कण शेजाऱ्यापासून सरकला नाही. तिने पट्टी एक सेंटिमीटर पुढे ढकलली तेव्हा पट्टीसमोर पांढरट बारीक घडी पडली, गोधडीला पडते तशी. "दादा, हे तं घट्ट झालं," ती म्हणाली आणि डोळे ट्रेच्या पातळीला आणून बराच वेळ बघत राहिली. मीही बघत राहिलो. जागा कमी होत गेली की थराचा दाब कसा वाढतो त्याचा पुस्तकातला आलेख मी अनेक वर्षं शिकवतोय, पण त्या आलेखातलं शेवटचं उभं टोक फुंकरीने कधी पाहिलं नव्हतं.

मग ट्रे घासून ओलिक आम्ल घेतलं. तेही १८ कार्बनांचंच. फरक एवढाच की नवव्या कार्बनावर दुहेरी बंध आहे आणि तिथे साखळी कोपरात दुमडल्यासारखी वाकते. याच्यात पावडर शेवटपर्यंत वाहती राहिली. जास्त टाकलं तर घट्ट होण्याऐवजी बारीक तेलकट थेंब दिसायला लागले. पट्टीने कितीही दाबलं तरी ते ताटासारखं झालं नाही.

काकांना हे मी तुराट्या आणि पऱ्हाट्यांवरून सांगितलं. तुरीच्या काड्या सरळ असतात. फाटे छाटून उभ्या लावल्या आणि वर सारवलं की कूड तयार होतो, वारा आत येत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या वाकड्या, फाट्यांच्या. त्यांचं कुंपण होतं, गुरं अडतात, पण वारा आरपार जातो. जवसाचं तेल म्हणजे पऱ्हाट्यांचं कुंपण, लिनोलेनिकला तर एक नाही, तीन वाकणं. लहर म्हणजे गुरं, ती अडली. वाफ हा वारा आहे, तो गेला.

काका म्हणाले, "मंग तुराट्याच टाकू ना लेका. मेणबत्तीचा माल कितीक रुपये किलो हाय?"

सरळ असणं पुरत नाही

सगळं तळं स्टिअरिक आम्लाच्या एका थराने भरायला १.७ ग्रॅम लागतील. हा आकडा ऐकून काका खूश झाले आणि मी जरा घाबरलो, कारण हेक्झेन तळ्यात ओतायचं नव्हतं. घन खवले पाण्यावर टाकल्यावर ते आपोआप पसरायला हवेत. आणि स्टिअरिक आम्ल तसं पसरत नाही. २५ अंशाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. घन खवला पाण्यावर ठेवला तर त्यातून सुटणारे रेणू हा ताण जेमतेम चार-पाचने कमी करतात आणि तिथेच थांबतात. ओलिक तेवढ्याच वेळात तो सुमारे तीसने कमी करतं, पण त्याची घट्टाई नाही. जे सहज पसरतं ते अडवत नाही, आणि जे अडवतं ते पसरायला तयार नाही, अशी ही अडचण.

या अडचणीतून सुटण्याचा रस्ता १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात विल्यम मॅन्सफिल्ड यांनी मोठ्या प्रमाणात चाचपला. त्यांनी आम्लाऐवजी सेटिल अल्कोहोल घेतलं. साखळी १६ कार्बनांची, सरळ, पण डोकं आम्लाचं नसून अल्कोहोलचं. घन सेटिल अल्कोहोल पाण्यावर पडलं की पृष्ठताण सुमारे ४० ने खाली आणतं, म्हणजे आपणहून पसरतं आणि दाबून घट्टही होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा अल्कोहोलांच्या आणि त्यांच्या अल्कॉक्सी-इथेनॉल भावंडांच्या पसरण्याच्या वेगावर काम झालं. विषय आपल्या देशाला परका नाही. दुष्काळाच्या चर्चा झाल्या की तो मधूनमधून उठतो आणि पुन्हा बसतो.

आम्ल बाद होण्याचं आणखी एक कारण काकांच्या विहिरीत होतं. काळ्या दगडातलं पाणी जड, डाळ शिजत नाही अशी काकूंची कायमची तक्रार. पी.एच. पट्टीवर तळ्याचं पाणी ८ च्या पुढे दिसलं. अशा पाण्यात स्टिअरिक आम्लाचं डोकं प्रोटॉन सोडतं आणि पाण्यातला कॅल्शियम त्याला धरतो. साबणाचा चोथा होतो तोच प्रकार, फक्त एका रेणूच्या जाडीत. थर अधिकच कडक होतो, पण कडक झालेला थर फुटला की पुन्हा जुळत नाही. बर्फीच्या ट्रेमध्ये डिस्टिल्डऐवजी तळ्याचं पाणी घेऊन पाहिलं, तर पट्टी मागे घेतल्यावर थराचे तुकडे तुकडे तरंगत राहिले आणि मध्ये उघड्या पाण्यावर कापूर नाचू लागला.

टब आणि पट्टी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निळे ड्रम कापून चार टब केले, प्रत्येकाचा व्यास ५६ सेंटिमीटर, आणि बांधावर ठेवले. प्रत्येकात एक खिळा टोक वर करून बसवला. रोज पहाटे पाणी खिळ्याच्या टोकाला टेकेपर्यंत मोजपात्राने भरायचं आणि किती लागलं ते लिहायचं. या टबात एक मिलिमीटर म्हणजे पाव लिटर. पट्टी वाचण्यापेक्षा हे किती तरी अचूक.

एकात साधं पाणी, एकात जवसाचं तेल, एकात स्टिअरिकचे खवले, एकात सेटिल अल्कोहोलची पूड. सात दिवसांची सरासरी : साधं ३.२ लिटर, जवस ३.१, स्टिअरिक ३.०, सेटिल २.१. एकच आठवडा आणि प्रत्येकाचा एकच टब, त्यामुळे पहिल्या तीन आकड्यांतल्या फरकावर मी काही बोलणार नाही. चौथ्याचा फरक मात्र नजरेला दिसत होता. त्या टबाचं पाणी दुपारी शेजारच्यापेक्षा दीड-दोन अंश गरम असायचं. उडणारं पाणी आपल्याबरोबर उष्णता नेतं. उडणं अडवलं की उष्णता आत राहते आणि गरम झालेलं पाणी पुन्हा जोराने उडायला बघतं. म्हणजे थर जेवढं वाचवतो त्यातलं थोडं स्वतःच परत देतो. जवसाच्या टबात एक वेगळीच गोष्ट झाली. डासांच्या अळ्या मरून तळाशी बसल्या. अळी नळीने पृष्ठभागावरून श्वास घेते, आणि तेलाने ताण कमी झाला की तिला तिथे लटकता येत नाही. काकांना हे फायद्याच्या खात्यात टाकायचं होतं. काकूंनी टाकू दिलं नाही.

आता वहीकडे वळू. साध्या पाण्याचा टब दिवसाला १३ मिलिमीटर गमावत होता. उथळ टब सगळ्या बाजूंनी तापतो, त्यामुळे त्याच्यातून उडतं जास्त. मोठ्या तळ्याचं बाष्पीभवन उथळ पात्राच्या साधारण ०.७ पट धरण्याचा जुना रिवाज आहे. म्हणजे तळ्यातून ९ मिलिमीटर जायला हवे. वहीत तळ्याचा आकडा होता १४. ठिबक बंद ठेवलेल्या दिवसांचा.

तळं टबापेक्षा जास्त गमावतं, हे बाष्पीभवनाने होऊच शकत नाही. मी हा आकडा दोन दिवस नुसता बघत होतो. माझं सगळं लक्ष पाण्याच्या वरच्या कातडीवर होतं. धाकटी म्हणाली, "दादा, रात्री मोजून पाहू का?" संध्याकाळी सात ते पहाटे पाच. टब एक मिलिमीटर उतरला, तळं तीनच्या वर. तळ्याचं पाणी रात्रीही ऊब धरून असतं, त्यामुळे थोडा फरक चालला असता. एवढा नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या उतारावर चारही बाजूंनी फिरलो आणि पाण्याच्या कडेला पोटॅशियम परमँगनेटचं गडद पाणी सिरिंजने हळूच सोडत गेलो. उत्तरेच्या बाजूला, पाण्याखाली वीतभर, जांभळी रेघ सरळ उताराच्या दिशेने ओढली गेली आणि नाहीशी झाली. हाताने चाचपलं तर बोट जाईल अशी चीर. वर ओल्या मातीत रोह्याच्या, म्हणजे नीलगायीच्या, खुरांचे ठसे होते. उन्हाळ्यात रोही पाण्याला येतात, प्लास्टिकवर पाय घसरतो, खूर रुततो. पाच मिलिमीटर म्हणजे रोजचे सुमारे ३,६०० लिटर तिथून जात होते. वरच्या काचेकडे बघत बसलो आणि खालून तळं गळत होतं.

काका काही बोलले नाहीत. ट्रॅक्टर काढून तालुक्याला गेले आणि संध्याकाळी ठिगळाचं प्लास्टिक आणि गरम हवेने चिकटवणारा माणूस, दोन्ही घेऊन आले. पातळी चिरेखाली उतरावी म्हणून दोन दिवस बागेला जरा जास्त पाणी दिलं. झाडांनी कुरकुर केली नाही.

वारा

चीर बुजल्यावर सेटिल अल्कोहोलची परीक्षा करायची राहिली होती. एका थराला दीड ग्रॅम पुरतं, आम्ही तीस ग्रॅम घेतलं, कारण धूळ, शेवाळ्याने सोडलेला चिकटपणा आणि जिवाणू, सगळे त्यात वाटा मागतात. पहाटे सहाला पश्चिमेच्या बांधावरून पूड भुरभुरली. त्याआधी तळ्याच्या चार कोपऱ्यांत कापूर टाकून बघितला होता. तो मरगळल्यासारखा का होईना, फिरत होता. साडेसहाला चारही कोपऱ्यांत तो थांबला. तळ्यावर एक अखंड कातडी आली होती.

साडेनऊला पश्चिमेचा वारा सुटला, आपल्याकडे मेमध्ये सुटतो तसा, तोंडावर भट्टीची हवा फेकणारा. पाण्यावरचा थर वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने सरकतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा असेल तर सेकंदाला आठ-नऊ सेंटिमीटर. २७ मीटरचं तळं ओलांडायला पाच मिनिटं. धाकटी पश्चिमेला, मी पूर्वेला. तिने हाक मारली, "इकडं नाचून राह्यला!" माझ्याकडचा तुकडा दगडासारखा स्थिर होता आणि काठाच्या प्लास्टिकवर दुधाच्या सायीसारखी पांढरी रेघ जमा होत होती. बोटाने उचलली तर मेणासारखी लागली. पूर्वेच्या कोपऱ्यात थर इतका दाबला गेला होता की मोडून घन झाला होता. तो आता पुन्हा पसरायला तासन्‌तास घेणार, आणि तोवर उरलेलं तळं उघडं.

सूर्य मावळल्यावर वारा पडला. रात्री नऊला कापूर पुन्हा जवळपास सगळीकडे स्थिर. म्हणजे थर रात्री होता आणि दुपारी नव्हता. पाणी मात्र दुपारी उडतं. जेव्हा गरज नाही तेव्हा पहारा, आणि चोर आला की पहारेकरी पूर्वेच्या काठावर झोपलेला. रोज पहाटे पूड टाकून आठ दिवस वही भरली. थर टाकलेल्या आणि न टाकलेल्या दिवसांतला फरक पट्टीवर वाचता येण्याइतका नव्हता. वारा शांत असेल तिथे सेटिल अल्कोहोल चांगली बचत देतं, हे टबाने दाखवलंच होतं. पण बांधावर चार झाडं नसलेल्या वरूडच्या तळ्याला शांत दुपार मिळत नाही.

काही जण सांगतात की वाऱ्याच्या बाजूने यंत्राने सतत थोडं थोडं सोडत राहिलं तर थर टिकवता येतो. मोठ्या जलाशयांवर असे प्रयत्न झालेत. एका शेतकऱ्याने मे महिन्यात रोज पहाटे आणि दुपारी तळ्यावर पूड टाकत फिरायचं, हे मला तरी पटलं नाही. मजुरी धरली तर काकांनाही पटलं नाही. अस्तरावर जमलेली पांढरी साय हाताने निघत होती, ही तेवढीच दिलाशाची गोष्ट. जवसाची पिवळी साय अजून निघालेली नाही.

मग काय केलं : उत्तरेच्या उतारावर तारेचं कुंपण घातलं, रोही आता पूर्वेच्या वाफ्यावर पाणी पितात. पश्चिमेच्या बांधावर शेवरीचं बी पेरायचं ठरलं, पाऊस पडला की. शेवरी वाढली की वारा जरा तुटेल, आणि तेव्हा सेटिलचा डबा पुन्हा काढायचा, असं धाकटीचं म्हणणं. तो डबा तिने वहीसोबत जपून ठेवलाय. चीर बुजवल्यानंतरचा तळ्याचा रात्रीचा आकडा वहीत सलग बारा दिवस दीडच्या आत आहे.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी काका बांधावर गेले आणि खिशातून भीमसेनी कापूर काढून पाण्यावर टाकला. तो भिंगरीसारखा फिरला. "धुऊन निघालं," म्हणाले. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, देवाचा कापूर कुठं जातो रोज, ते एकदा सांगा.